उदेभानजींची भूतानची तयारी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. उदेभानजी ढोमणे ज्या वहीच्या भरवशावर भूतानला गेले, त्या वहीतला बराचसा मजकूर मी माझ्या मनचा घातला होता. पुस्तक इंग्रजी होतं. वाचून अर्थ सांगणारा मी होतो. आणि मला ते इंग्रजी समजत नव्हतं.

पहिलं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नागपुरातल्या एका सरकारी बागेच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो, वय वीस-एकवीस. मॅट्रिकला दोनदा इंग्रजीत आपटून तिसऱ्या खेपेला काठावर निभावलो होतो. कचेरीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबाच्या टिपणांच्या नकला मी वळणदार अक्षरात करत असे, आणि नक्कल करायला अर्थ कळावा लागत नाही. माळी लोकांत मात्र ‘इंग्रजी वाचणारा बाबू’ असा माझा लौकिक झाला होता. तो मी होऊ दिला.

उदेभानजी त्या बागेतले कलमांचे माळी. हेड माळी दुसरा होता, पण कलमांच्या वाफ्यात त्याचं काही चालत नसे. पन्नाशीला टेकलेले, ठेंगणे, डोक्याला पांढरा दुपट्टा, कानावर अर्धी विझवलेली विडी. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं. जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधायचा, हे त्यांचं काम. सालीला उभी-आडवी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटाची पट्टी आवळायची. बाकीचे माळी साल चाकूच्या टोकानं उचलत, हे नखानं. "चाकूले का समजते, साल ओली हाये का सुकी?" असं म्हणायचे. दुसरे माळी दिवसभरात त्यांच्या दुप्पट रोपं बांधत. महिन्याभरानं पाहिलं की जगलेली रोपं यांचीच जास्त निघत. त्यावर ते कानावरची विडी पेटवत.

एकदा बागेतल्या एका ओळीची पानं पिवळी पडायला लागली. साहेबानं कुठलासा अहवाल वाचून ठरवलं की खत कमी पडतंय. गाडीभर खत येऊन पडलं. उदेभानजी आपल्या हिंदीत म्हणाले, "ना साब. इसके पाँव में पानी है." साहेब अहवाल दाखवू लागला. उदेभानजींनी अहवालाकडे पाहिलंसुद्धा नाही. कुदळ घेऊन झाडाच्या अंगाला हातभर खड्डा घेतला आणि साहेबाला म्हणाले, "हाथ डालो." साहेब पांढऱ्या बाहीचा सदरा घालून आला होता. तरी तो खरंच गुडघ्यावर बसला आणि हात घातला. कोपरापर्यंत चिखल. खत दुसऱ्या बागेला गेलं, त्या ओळीला चर खणून पाणी काढलं, आणि पुढच्या बहाराला झाडं हिरवी झाली. तेव्हापासून साहेब कलमांच्या वाफ्यात आला की आधी उदेभानजींच्या तोंडाकडे बघायचा.

झाडाच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्या कुणाचं ऐकलं, असं त्या दिवसांत मी एकदाही पाहिलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सक्करदऱ्याच्या तलावाच्या अंगाला त्यांची स्वतःची थोडी जमीन होती. तीत बावीस संत्री. सगळी त्यांच्या हातची, मुलगी जन्मली त्या वर्षापासून लावत आणलेली. त्या बाविसांतल्या सहा-सात झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळायला लागला. हा डिंक्या रोग लागला की साल कुजते, एकेक फांदी वाळते आणि झाड चार-दोन वर्षांत बसतं. उदेभानजींनी साल खरवडली, चुना लावला, शेणमातीनं लिंपलं, मुळं उघडी करून उन्हं दाखवली. डिंक थांबेना. सहाची नऊ झाली. रोज संध्याकाळी बागेतून घरी गेले की हातपाय धुण्याआधी ते एका टोकापासून झाडांना हात लावत जायचे. बायको सगुणाबाई म्हणायची, "पोराइले तरी इतकं कुरवाळलं का तुमी?"

त्याच सुमारास त्यांची गाठ एका गुरखा जमादाराशी पडली. हा जमादार बागेजवळच्या खजिन्यावर पहाऱ्याला असे. जवानीत दोन-तीन वर्षं त्यानं भूतानच्या बाजूला खेचरं हाकली होती. उदेभानजींनी त्याला एक संत्रं सोलून दिलं, तेव्हा तो म्हणाला की उधर तर संत्र्याला कलम-बिलम कुणी करत नाही. बी टाकलं की झाड येतं, घराएवढं वाढतं. आज्याच्या हातची झाडं नातू खातो.

"अन् गोंद?" उदेभानजींनी विचारलं.

"गोंद काहे का? मैंने तो नहीं देखा."

एवढ्यावर त्यांनी ठरवलं. तिथं जायचं, ती झाडं डोळ्यांनी बघायची, बी आणायचं, सक्करदऱ्याला रोपं करायची आणि त्याच खुंटावर आपल्या संत्र्याचा डोळा बांधायचा. मेलेल्या झाडांच्या जागी ती लावायची. जमादाराला वाट आठवत होती, पण माती कसली, पाणी किती, झाडं नेमकी कुठे, हे काही त्याला सांगता येईना. तेव्हा सीताबर्डीच्या वाचनालयात भूतानवर एका साहेबाचं जाडजूड पुस्तक आहे असं कुणीतरी सांगितलं. आणि उदेभानजी माझ्याकडे आले.

"बाबू, तुमी इंग्रजी वाचता म्हणे."

"वाचतो थोडंफार."

"थोडंफार काहून? साहेबाचे कागद तं तुमीच लिहिता." मग म्हणाले, "मले थे भूतानचं पुस्तक वाचून सांगान का? मी लिहून घेतो. मले लिहिता येते."

माझे मामा वाचनालयाचे सभासद होते. त्यांच्या नावावर मी पुस्तक काढलं. दर रविवारी सकाळी बागेतल्या पाटाच्या कडेला आमची बैठक बसू लागली. उदेभानजींनी जाड पुठ्ठ्याची वही आणली होती. पहिल्या रविवारी ते मांडी घालून बसले, पेन्सिलीला थुंकी लावली आणि पेन्सिल कागदाला टेकवून माझ्याकडे पाहू लागले.

पहिलं वाक्य अर्ध्या पानाचं होतं. त्यातले चार शब्द मला कळले. बाकीचं वाक्य त्या चार शब्दांच्या मधे कुठेतरी होतं. ‘मला येत नाही’ असं म्हणायची ती वेळ होती. पेन्सिल टेकलेली होती. मी काहीतरी बोललो. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढे सवय लागली. कळलेल्या शब्दांना मी माझी वाक्यं जोडत असे. आता विचार करतो तेव्हा ध्यानात येतं की त्या वहीतलं भूतान माझ्या शब्दसंग्रहाएवढं होतं. शाळेच्या वाचनमालेत हिमालयावर एक धडा होता, त्यामुळे बर्फ, हिम, खिंड, दरड हे इंग्रजी शब्द मला येत होते. दमट, खोरी, उतारावरची शेती, हिवताप हे येत नव्हते. त्यामुळे बर्फाचा उल्लेख आला की मी फडाफडा सांगायचो आणि उष्ण भागाची पानंच्या पानं ‘यात काही विशेष नाही’ म्हणून उलटायचो. उदेभानजींच्या वहीत भूतान वरपासून खालपर्यंत पांढरं होत गेलं.

चौथा किंवा पाचवा रविवार असेल. संत्र्याचा शब्द पहिल्यांदा दिसला. मी इतका हरखलो की ओरडून सांगितलं, "सापडलं." त्याच पानावर, चार-सहा ओळी खाली, बर्फाचा शब्द होता. दोघांच्या मधलं काही मला लागेना. मी सांगितलं की साहेबाला खिंडीपलीकडे, चार मजला म्हणजे चार दिवसांच्या चालीवर, वर बर्फाच्या प्रदेशात संत्र्याची झाडं लागली.

उदेभानजींनी पेन्सिल उचलली.

"बाबू, थंडीत संत्रा कसा येईन?"

"म्हणजे?"

"एखाद्या साली कडाका पडला तं माह्या झाडाची कवळी पालवी जळते. अन् तिथं बर्फात? नाई येनार. कायतरी चुकून राह्यलं तुमचं."

अगदी सहज म्हणाले. साहेबाला ‘ना साब’ म्हणाले होते तसंच. मी तेव्हा हो म्हटलं असतं, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. मला राग आला. त्यांचा नव्हे. मी पकडला गेलो होतो, त्याचा.

"पुस्तकात असंच लिहिलंय," मी म्हणालो.

"पुन्हा वाचा बरं."

मी ती ओळ मोठ्यानं इंग्रजीत वाचली, साहेबासारखी. मग मराठीत सांगताना भर घातली. झाडावर बर्फ भुरभुरलं होतं, फळं पिवळी होती, साहेबानं हातानं तोडली. ते म्हणाले, "आणखी एक डाव." मी तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन त्या ओळीवर नख फिरवलं. मग म्हणाले, "छापलं हाये म्हन्ता. एवढा मोठा साहेब खोटं कशाले छापन? मंग थे झाड आपल्यापेक्षा येगळं असन. बर्फात उभं राह्यते म्हंजे त्याले रोग का करनार?" आणि त्यांनी लिहून घेतलं. लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या वहीत दुसऱ्या कशाखालीही रेघ नव्हती.

तिथून पुढे, खाली पायथ्याला संत्री लागली तरी त्यांना ती नको होती. वरचीच हवी होती.

तयारी दीड वर्ष चालली. ती सगळी थंडीची तयारी. कामठीच्या छावणीतून त्यांनी एका सोजिराचा जुना लोकरी कोट मिळवला. तो त्यांच्या गुडघ्याखाली यायचा. तो कोट घालून आणि पाठीवर दहा शेर मुरूम बांधून ते रोज सकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर दोनदा चढून उतरत, मग कामावर येत. हे वैशाखातलं सांगतोय. नागपुरातल्या वैशाखातलं.

सगुणाबाईनं मला एक दिवस त्यांच्या दारात अडवलं. "बाबू, तुमीच सांगा याहीले. उनात लोकरीचा कोट घालून फिरून राह्यला हा माणूस. तलावावरच्या बाया मले इचारतात, तुह्या घरच्याले हीव भरलं का वं?"

आतून उदेभानजी म्हणाले, "हीव भरलं नाई वं. हीव शिकून राह्यलो."

"शिका. अन् शिकता शिकता उनानं पडले म्हंजे मले बोलवू नका."

"तुले नाई बोलवत. बर्फवाल्याले बोलवतो."

हा बर्फवाला खरा होता. शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात एक मिस्त्री त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे जाऊन उदेभानजी बर्फाच्या लाद्यांच्या कोठीत बसत. सुरुवातीला एक विडी संपेपर्यंत, पुढे पुढे तासभर. मला एकदा ते घेऊन गेले. भुसा पसरलेला, लाद्या रचलेल्या, आणि मधे पोत्यावर हे, कोट घालून, उघड्या हातानं जंभेरीच्या काडीवर डोळा बांधत बसलेले. गार हातानं गाठ बसते का, हे त्यांना बघायचं होतं. बी तर आणायचंच, पण तिथल्या झाडाची काडीही तिथल्या तिथे जंभेरीवर बांधून आणायची, असा त्यांचा बेत होता.

मिस्त्री दारातून म्हणाला, "काय भाऊ, बर्फावर अंडे उबवून राह्यले का?"

"उबवून राह्यलो. पिल्लू निंगालं की तुले एक देतो."

पहिल्या महिन्यात बोटं वळत नसत. नंतर गाठ बसू लागली. मला त्यांनी बसलेली गाठ दाखवली. मी वाहवा केली. माझे दात वाजत होते आणि मला बाहेर उन्हात जायचं होतं.

खाण्याचीही तयारी होती. त्या उंचीवर डाळ शिजत नाही, हे मी सांगितलेलं मात्र खरं होतं, शाळेत शिकलेलं होतं. म्हणून भाजलेल्या फुटाण्यांचं पीठ, तिळाचे लाडू, जवसाची चटणी. जमादाराकडून भाषेचे धडे. वहीच्या शेवटच्या पानांवर ते शब्द होते. वाट, पाणी, मीठ, झाड, आणि संत्र्याला ‘सुन्तला’. दुपारच्या सुटीत वाफ्यातल्या रोपांकडे बघून ते म्हणत बसायचे, "सुन्तला काहाँ छ? सुन्तला काहाँ छ?" आणि दुसरे माळी उत्तर द्यायचे, "तुह्या पुढ्यात हाये, डोये उघड."

साहेबानं चार महिन्यांची रजा दिली आणि बंगालमधल्या कुणा अधिकाऱ्याला चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पायथ्याच्या बाजारापर्यंत चालणार होती, पुढचं ज्याचं त्यानं. चिठ्ठीची नक्कल मी केली. अक्षर चांगलं आलं होतं.

कार्तिक सरताना ते निघाले. स्टेशनवर सगुणाबाई, मुलगी, जमादार आणि मी. कोटाच्या आतल्या खिशात वही. मी लोकरीचे हातमोजे विकत घेऊन गेलो होतो. त्यांनी ते उलटसुलट पाहिले.

"हे घालून साल कसी समजन, बाबू?"

तरी घेतले. मला वाईट वाटू नये म्हणून घेतले असावेत. गाडी हलली तेव्हा सगुणाबाई त्यांना म्हणाली, "उन्हाळ्याच्या आत या. झाडाले पानी कोन देईन?" तिनं स्वतःचं नाव घेतलं नाही. ते खिडकीतून म्हणाले, "पश्चिमेकडच्या सातांले जास्ती देजो, तिकडं उनाचा मार हाये."

गेल्यावर दोन पत्रं आली, दोन्ही पायथ्याच्या बाजारातून. मग काही नाही.

फाल्गुन संपता संपता एका सकाळी मी कचेरीत आलो तर ते कलमांच्या वाफ्याच्या बांधावर बसलेले. अर्धे झाले होते. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मला बघून उठले, हसले.

"आलो, बाबू."

कसं झालं ते त्यांनी सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं. बाजारातून खेचरवाल्यांबरोबर ते वर गेले. वहीत होतं तसं खिंड ओलांडून चार मजला चालले. संत्रं दिसेना. मग आणखी दोन मजला. बर्फ लागलं. वाटेत झाड म्हणून जे दिसेल त्याला ते हात लावून बघत. बर्फातलं संत्रं पानं झाडत असेल तर ओळख सालीवरूनच पटायची, म्हणून हातमोजे काढून. रोज, दिवसभर. पुढे एका किल्ल्यापाशी तिथल्या शिपायांनी अडवलं आणि माघारी धाडलं. परतताना बोटं काळी पडली. खेचरवाल्यांच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं सुरा तापवून ती काढली. तर्जनी आणि मधलं बोट पेरापासून, आणि अंगठ्याचा शेंडा.

"अन् खाली?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून. "खाली काहीच नव्हतं?"

"खाली तं लय होती. डोंगराच्या पायथ्याले, उबदार जागी. घरायेवढी झाडं, बियाचीच. दोन दिस वाट त्याच्यातूनच होती. जमादार खोटं नव्हता बोलला. खेचरवाल्यानं तोडून देल्ली, खाल्ली. गोड होती."

"मग त्यांचं बी?"

"त्याचं बी कशाले? थे खालचं झालं, बाबू. आपल्याले वरचं पाह्यजे होतं." फडक्यातला हात त्यांनी मांडीवर ठेवला. "पुस्तक खोटं नाई. मीच दुसऱ्या खोऱ्यात गेलो असन."

त्या रविवारी मी वाचनालयातून तेच पुस्तक पुन्हा काढलं आणि शेजारी शब्दकोश घेऊन बसलो. संत्र्याच्या त्या एका पानाला मला पूर्ण सकाळ लागली. साहेबानं लिहिलं होतं की खालच्या उष्ण खोऱ्यांतून गावकऱ्यांनी संत्र्यांच्या टोपल्या भेट म्हणून आणल्या. पुढच्या परिच्छेदात होतं की तंबूच्या दारातून दूरच्या रांगांवरचं बर्फ दिसत होतं. एवढंच. मधे मी न समजलेले शब्द होते. शोधले तर साधेच निघाले.

पायथ्याच्या त्या बियांनी सक्करदऱ्याची झाडं वाचली असती की नाही, हे मला सांगता येत नाही. पुस्तकात त्याबद्दल काही नाही. बावीसही झाडं पुढच्या तीन वर्षांत गेली. उदेभानजींना डोळा बांधता येईना. साहेबानं त्यांना काढलं नाही, पाणी सोडायच्या कामावर ठेवलं. वाफ्यात नवे माळी आले. ‘बर्फातला संत्रा’ ही बागेत थट्टेची गोष्ट झाली. काही चुकलं की म्हणायचे, "ढोमणेबुवाच्या पुस्तकात पाहा." तेही हसायचे. मी तिथेच टेबलाशी असायचो.

तेव्हा का सांगितलं नाही, याची कारणं मी वेळोवेळी बदलली. आधी माझी नोकरी कायम व्हायची होती. मग झाली, आणि ज्याचं इंग्रजी बघून कायम केलं त्यानंच हे सांगायचं म्हणजे कसं, असं वाटलं. मग माझी बदली झाली. मग सगुणाबाई वारली, आणि अशा वेळी कुठे सांगायचं. नंतर इतकी वर्षं झाली की आता सांगून काय उपयोग, असं म्हणू लागलो. या सगळ्या काळात माझं इंग्रजी चांगलं सुधारलं. आज मी ज्या कचेरीत हेडक्लार्क आहे तिथं मसुदे मी तपासतो.

गेल्या आषाढात कचेरीच्या कामानं कळमेश्वरला गेलो होतो. उदेभानजी तिथं मुलीकडे राहतात, हे मला माहीत होतं. एका बागायतदारानं नवी संत्र्याची बाग धरली होती आणि लावणीवर देखरेखीला त्यांना बसवलं होतं. मी तिथं गेलो. पाऊस उघडला होता. सत्तरी ओलांडलेले उदेभानजी बांधावर उकिडवे बसले होते, आणि बागायतदाराचा शिकलेला जावई हातात एक छापील इंग्रजी पत्रक घेऊन गड्यांना सांगत होता की रोपाचा सांधा, म्हणजे जिथे जंभेरीवर डोळा बांधलेला असतो ती जागा, मातीत गाडा. पहिल्या ओळीत तशी लावणी होऊनही गेली होती.

संत्र्याच्या मुलखात हे कुणाही माळ्याला विचारा. सांधा मातीच्या वर वीतभर मोकळा ठेवायचा. तो गाडला की ओल धरते आणि डिंक्या तिथूनच शिरतो. मी उदेभानजींकडे पाहिलं. ते गप्प होते.

"उदेभानजी, हा सांधा..."

"हाव बाबू. जावईबापू म्हन्तात त्याच्यात छापलं हाये." मग मला ओळखून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तुमीच हाये ना. वाचा बरं तुमी."

मी पत्रक घेतलं. त्यात अगदी उलट लिहिलं होतं. सांधा कधीही गाडू नये. जावईबापूंची नजर त्यातल्या ‘नेव्हर’वरून निसटली होती. मी ते वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं, एकही शब्द मनचा घातला नाही. जावईबापू ओशाळले आणि गड्यांवर खेकसले.

उदेभानजी म्हणाले, "हो का? मंग काढा माती."

ज्या आवाजात त्यांनी गाडलेलं मान्य केलं असेल, त्याच आवाजात. आनंद नाही, ‘मी म्हणतच होतो’ नाही. मी उलटं वाचलं असतं तर त्यांनी तेही करून घेतलं असतं. मग ते खाली वाकले आणि उरलेल्या बोटांनी पहिल्या ओळीतल्या पहिल्या रोपाच्या बुंध्याची माती ओढून काढू लागले. गडी म्हणाला, "आजोबा, बसा तुमी, मी करतो." ते म्हणाले, "राहू दे." मी थोडा वेळ उभा राहिलो. मला मोटार गाठायची होती. ओळीच्या टोकाशी जाऊन मागं पाहिलं, तेव्हा ते तिसऱ्या रोपापाशी होते, पाठ माझ्याकडे.

उदेभानजी अजून आहेत. कळमेश्वर माझ्या घरापासून मोटारीनं तासाभरावर आहे. तिथं जाऊन, त्यांच्या मुलीच्या आणि तिथल्या माळ्यांच्या देखत, मला त्यांना सांगायचं आहे की पुस्तकात तसं नव्हतं, ते मी रचलं होतं, आणि त्या रविवारी तुम्ही मला जे म्हणालात ते बरोबर होतं. एवढं माझं त्यांना देणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.